पात्राच्या मनातलं किती सांगायचं आणि किती गिळायचं

माझ्या पहिल्या ड्राफ्टमधे नायिकेच्या मनात विचारांचं काहूर चार वेळा माजलं होतं, मोजलं मी. शिवाय तिला वाईट वाटत होतं, भरून येत होतं, पोटात गोळा येत होता, आणि एवढं सगळं सांगूनही वाचणाऱ्याला ती बाई काही केल्या दिसत नव्हती.

तर लिहायला बसायच्या आधी एकच ठरवा, हे पात्र स्वतःपासून काय लपवतंय? वाचकापासून काय लपवायचं ते त्यातनं आपोआप निघतं. काझुओ इशिगुरोच्या 1989 सालच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'मधे बटलर स्टीव्हन्स स्वतःच गोष्ट सांगतो. वडील वरच्या खोलीत वारलेत आणि हा खाली पाहुण्यांची सरबराई करतोय, आपण रडतोय हे तो कुठेच सांगत नाही, मालक विचारतात, तुम्ही रडताय का, तेव्हा आपल्याला कळतं. हा हसून दिवसभराच्या दगदगीवर ढकलतो. 'मी' वापरलं म्हणजे मन उघडं झालं असं नसतं ते असं.

आता 'तो/ती'त लिहिताय तर किती जवळ जायचं? ही तीन वाक्यं बघा.

तिला वाटलं की तो आता येणार नाही.
तो आता येणार नव्हता.
आता कसला येतोय तो!

पहिल्यात लेखक बोलतोय. दुसऱ्यात कोण बोलतंय सांगता येत नाही. तिसऱ्यात ती बोलतेय, पण अवतरणचिन्हं नाहीत, 'तिला वाटलं' नाही, आणि पुढचं वाक्य खुशाल 'तिने दिवा मालवला' असं लिहिता येतं. जेन ऑस्टिनने 1815च्या 'एमा'मधे हेच करून वाचकालाही फसवलंय, एमाचे चुकीचे अंदाज निवेदनातच असे मिसळलेत की आपण ते खरे धरून चालतो. मराठीत तर हे अजून सोपंय कारण आपल्याकडे 'म्हणे', 'बाई', 'च', 'कसलं' असले शब्द आहेत, एक 'म्हणे' टाकलं की तिचा विश्वास बसलेला नाही हे कळतं. तसंच तू-तुम्हीचं. नेहमी 'तू' म्हणणारी बायको एका वाक्यापुरती 'तुम्ही' म्हणाली की रागाबद्दल वेगळं काही लिहू नका, प्लीज.

उलट टोक म्हणजे मनात अजिबात शिरायचंच नाही. डॅशिएल हॅमेटच्या 'द माल्टीज फाल्कन'मधे (1930) कुणाच्याच मनातलं कळत नाही, नायकाच्याही नाही. रात्री फोन येतो, पार्टनर मेलाय, आणि नायक, म्हणजे डिटेक्टिव्ह स्पेड, सिगारेट वळत बसतो, तंबाखू, कागद, बोटं, सगळं सावकाश. त्याला दुःख झालंय का? ठरवा तुम्ही. पण हे वापरायचं तर हातांना काम द्या, नाहीतर 'तो खिडकीबाहेर बघत राहिला' एवढंच उरतं, आणि खिडकीबाहेर बघणारी पात्रं आता खूप झाली.

संज्ञाप्रवाह वगैरे (म्हणजे पात्राच्या मनात येतील तसे विचार, सलग), मर्ढेकरांनी 1942मधे 'रात्रीचा दिवस'मधे केला, पण पहिल्याच कादंबरीत त्याच्या नादी लागू नका, दोन पानांवर दम लागतो.

मला जास्त कामाचं वाटतं ते म्हणजे कुणाला बोलू द्यायचं नाही हे ठरवणं. खांडेकरांच्या 'ययाति'त (1959) ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात. कचाला मात्र अशी पाळी मिळत नाही, तो कायम दुसऱ्यांच्या डोळ्यांतनं दिसतो, म्हणून मोठा वाटतो. (त्याला बोलू दिलं असतं तर प्रवचन झालं असतं असं माझं मत, भांडा हवं तर.)

एक चीटिंग मात्र करू नका. वीस पानं आपण पात्राच्या डोक्यात बसलोय, त्याला खून कुणी केला ते माहितीय, आणि तेवढं सोडून बाकी सगळा विचार तो करतोय, असं झालं की वाचक चिडतो आणि बरोबर चिडतो. लपवायचंच असेल तर कॅमेरा सुरुवातीपासून बाहेर ठेवा.

ड्राफ्ट झाला की 'वाटलं', 'जाणवलं', 'लक्षात आलं' हे शब्द फाइलमधे सर्च करा आणि प्रत्येक वाक्य त्या शब्दाशिवाय वाचून बघा. माझ्या एका चॅप्टरमधे एकतीस होते, सहा ठेवले, काहूर एकही नाही.