गावचा वीरगळ इतिहासाच्या तासाला: या चुका टाळा

परिसरभेट म्हटलं की एसटी ठरते आणि किल्ला गाठला जातो. चालत जाऊन पाहण्याजोगा पुरावा मात्र बहुतेकदा मारुतीच्या देवळामागे टेकून ठेवलेला असतो: वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. शहरातल्या शाळांनाही सबब नाही, बोरिवलीत एकसरच्या वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोष्ट आधी सांगणं. ‘हा शिवरायांचा मावळा’ असं सरांनी म्हटलं की मुलांचं बघणं थांबतं. बहुतेक वीरगळांवर ना नाव असतं, ना साल. आणि कितीतरी वीरगळ शिवकाळाच्या काही शतकं आधीचे, यादव-शिलाहारांच्या काळातले असतात. म्हणून पहिली दहा मिनिटं गप्प राहा. चार-चार मुलांना कोरा कागद द्या, दिसेल ते चौकटीसह काढू द्या. वाचायचं खालून वर. तळाशी धारातीर्थी पडलेला वीर (शेजारी गायी असतील तर गोधन राखताना पडलेला), त्यावर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. उलटं वाचलं की मुलं हटकून लिहितात, ‘पूजा करून लढायला गेला’. तळाची चौकट मातीत गेली असेल तर उकरू नका. ‘खालचा भाग दिसत नाही’ एवढी नोंद पुरे. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्री कोरलेली गधेगाळ म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. ती कुठल्या वर्गाला दाखवायची, हे आधी एकट्याने जाऊन ठरवा.

कोरीव काम पुसट म्हणून खडू, पीठ किंवा तेल फासू नका. तेल दगडात मुरतं आणि धूळ धरून ठेवतं. सकाळच्या नाहीतर उतरत्या तिरप्या उन्हात जा. दुपारीच जमत असेल तर छत्रीने सावली करून बाजूने बॅटरी मारा. शेंदूर खरवडायचा नाही, पूजेतला दगड आहे. गुरवाला विचारून फोटो काढा.

दगडावरच्या लेखात शक (शालिवाहन शकाचं साल) असला की इसवी सन काढायला सरसकट 78 मिळवतात. राज्याभिषेक ज्येष्ठ, शके 1596, म्हणजे 1674, इथे जमतं. शिवजन्म फाल्गुन वद्य 3, शके 1551. इथे 78 मिळवून 1629 येतं, बरोबर साल 1630. साधारण पौषाच्या मध्यापासून 79 मिळवावे लागतात.

आजोबांना ‘गावचा इतिहास सांगा’ म्हणू नका, ते पांडवांपासून सुरू करतील. बहात्तरच्या दुष्काळात खडी कुठल्या रस्त्यावर फोडली, सुकडी कुठे मिळायची, असं विचारा.

एखादं पोरगं शेतात सापडलेली शिवराई घेऊन येतं आणि कुणीतरी ती चिंचेने घासतं. झिजलेली अक्षरं त्यात आणखी जातात. नाणं कोरड्या कागदात ठेवा, दोन्ही बाजूंचा फोटो पट्टी ठेवून घ्या, शेताचं नाव लिहा. शाळेच्या कपाटात मात्र नको: 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.