नर्सिंगचा विषय राहिला? पुन्हा बसताना या चुका टाळा

बी.एस्सी. नर्सिंगचा एखादा विषय राहिला की काही मुली महिनाभर पुस्तकाला हात लावत नाहीत, तर काही दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानापासून घोकायला बसतात. दुसऱ्यांचं कौतुक होतं, पण पुढच्या वेळी अडकतात दोघीही. गुण गेले कुठे, हे दोघींनी पाहिलेलंच नसतं.

गुणपत्रिका घडी घालून ठेवणं

थिअरीत साधारण २५ गुण अंतर्गत आणि ७५ लेखी पेपरचे असतात. मार खाल्ला कशात? इंटर्नलला, लेखीत की प्रॅक्टिकलला? तिन्हींवर उपाय वेगळे. पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी एकाच पेपरात येतात, ३७ आणि ३८ गुणांचे दोन सेक्शन. आकृत्या काढून ॲनाटॉमी निभावते, फिजिऑलॉजी कोरी राहते आणि मुलगी पुन्हा हाडांची नावंच पाठ करत बसते.

नियम सीनियरला विचारणं

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा २०२१चा अभ्यासक्रम सेमिस्टरचा आहे, त्याआधीचा वार्षिक होता. सीनियर सांगते ते तिच्या बॅचचं असतं. फक्त राहिलेला भाग द्यायचा की थिअरी-प्रॅक्टिकल दोन्ही, आणि फॉर्मची शेवटची तारीख कोणती, हे कॉलेजच्या परीक्षा विभागातूनच घ्या.

इंग्रजी वाक्यं तोंडपाठ करणं

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींचं घोडं इथेच अडतं. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द निसटला की पुढचा अख्खा परिच्छेद जातो, आणि पेपरात पानभर शाई असूनही मुद्दा सापडत नाही. आधी विषय मराठीत समजून घ्या, अगदी मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा. संज्ञा तेवढ्या इंग्रजीत पक्क्या करा आणि उत्तर छोट्या, साध्या वाक्यांत लिहा. व्याकरण चुकलं तर फार बिघडत नाही, संज्ञा चुकली तर बिघडतं.

शिवाय नर्सचं उत्तर डॉक्टरसारखं लिहू नका. न्यूमोनियाच्या पेशंटची नर्सिंग केअर विचारली की अनेकजणी अँटिबायोटिकांची यादी देतात. ‘न्यूमोनिया’ हे नर्सिंग डायग्नोसिस, म्हणजे नर्सने हाताळायची पेशंटची अडचण, नव्हेच. घट्ट कफामुळे श्वासमार्ग मोकळा राहत नाही, हे नर्सिंग डायग्नोसिस. मग पेशंटला टेकवून बसवणं, खोकायला शिकवणं, श्वासाचा वेग नि ऑक्सिजनची पातळी बघणं, आणि प्रत्येक कृतीपुढे तिचं कारण. गुण त्या कारणाला असतात. गाइडमध्ये नेमका तोच रकाना आखडलेला असतो, म्हणून गाइडवर माझा फारसा भरवसा नाही.

हिशेबाचा प्रश्न ‘ऑप्शनला’ टाकणं

५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सलाईनच्या नळीचा सेट मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. त्याला ४८० मिनिटांनी भागा, मिनिटाला साधारण २१ थेंब. चूक होते ती तासांची मिनिटं न केल्याने: ८ ने भागलं की १२५० येतात. मिनिटाला १२५० थेंब! उत्तर आल्यावर डोळ्यांपुढे थेंब पडतात तो ड्रिप चेंबर आणला तरी ही चूक तिथल्या तिथे पकडता येते. रोज दोन गणितं केली की पुरे.

विषय राहिला म्हणून वॉर्डातल्या पोस्टिंगला दांडी मारणं

हजेरी बुडते हे आहेच, पण व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी वॉर्डातच होते. बीपी घेताना आधी नाडी चाचपून दंडावरचा पट्टा का फुगवायचा, राइल्स ट्यूबचं (नाकातून पोटात घालायच्या नळीचं) माप नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत का घ्यायचं, हे स्टाफ सिस्टरला विचारा. कामाच्या गडबडीत वैतागतील, पण सांगतील.

घरी ‘निकाल लागायचाय’ म्हणत राहणं

फॉर्मची फी घरूनच यायची असते, त्यामुळे हे फार दिवस लपत नाही. आई-बाबांना सांगताना तोंडी कबुलीबरोबर पुढचं वेळापत्रकही सांगा. आरडाओरडा लवकर शमतो. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नको असं मनात येत असेल, तर अभ्यास बाजूला ठेवा. होस्टेलमधल्या एकीला लगेच सांगा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.