बाटल्या भरायच्या आधी अडलेली बिअर

मिनियापोलिसमधला आमचा पहिलाच हिवाळा आणि तळघरात माझी पहिलीच घरी बनवलेली बिअर, १९ लिटर पेल एल. दहाव्या दिवशी एअरलॉकमधले, म्हणजे पिंपातला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले, बुडबुडे थांबले. झाली तयार, असं समजून मी बाटल्या धुवायला काढल्या. बायको म्हणाली, "आधी मोजून तर बघ."

बिअरमध्ये हायड्रोमीटर (घनता मोजणारी काचेची नळी) सोडला, काचेला चिकटलेले बुडबुडे सुटावेत म्हणून त्याला गिरकी दिली. १.०२२! यीस्ट साखर खातं तशी घनता उतरत जाते; सुरुवात होती १.०५०, उतरायला हवं होतं १.०१२ च्या आसपास. म्हणजे साखर अजून शिल्लक. तशीच भरली असती तर बंद बाटलीत यीस्ट पुन्हा जागं झालं असतं आणि बाटल्या फुटल्या असत्या.

चव घेतली. गोडसर लागली, आंबट नाही, वासही स्वच्छ. बिघडली नव्हती, गारठली होती. तळघरात जेमतेम १४ अंश, यीस्ट तळाशी जाऊन बसलेलं.

पिंप वर स्वयंपाकघराशेजारी आणलं, भोवती रजई गुंडाळली आणि झाकण न उघडता हलकेच घोळवलं. जोरात हलवायचं नाही, हवा मिसळली की पुठ्ठ्यासारखी चव येते. २० अंशांवर दुसऱ्याच दिवशी एअरलॉक पुन्हा बोलू लागला. आठवड्याने १.०१२, तीन दिवसांनी पुन्हा तेवढंच. मग बाटलीत फेस येण्यापुरती, मोजून ११० ग्रॅम साखर पाण्यात उकळून, गार करून मिसळली आणि बाटल्या भरल्या. एकही फुटली नाही.