आई-वडिलांना कॅन्सर निघाला? सुरुवातीच्या दिवसांत या चुका टाळा

बाबांचा बायोप्सीचा रिपोर्ट मी त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला होता. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत मी जी धावपळ केली, त्यातली निम्मी त्यांच्यासाठी नव्हतीच, माझी भीती दाबण्यासाठी होती. ज्या घरात ही बातमी काल-परवा येऊन धडकली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

"त्यांना काही सांगू नका हं, डॉक्टर"

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपण डॉक्टरांना दाराबाहेर गाठतो आणि हळूच हे सांगतो. त्यामागे मायाच असते, पण तपासण्या, कुजबुज, आपले सुजलेले डोळे हे सगळं आई-वडील पाहतच असतात. मग आपण लपवतो, ते माहीत नसल्यासारखं वागतात, आणि एकाच घरात दोघंही एकटे पडतात. शिवाय ऑपरेशन आणि केमोचे निर्णय त्यांच्या शरीराबद्दलचे असतात. ते त्यांच्या पाठीमागे कसे घेणार?

सगळं एका दमात सांगून टाका, असंही नाही. आधी विचारा, "बाबा, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? डॉक्टरांशी तुम्ही बोलणार की आम्ही बोलू?" कुणी म्हणेल, मला आकडे नकोत, तुम्हीच बघा. तेही मान्य करायचं, कारण ते त्यांनी स्वतः ठरवलेलं असतं. आणि आधीच लपवून बसला असाल, तर डॉक्टरांसमोर सरळ सांगा की आम्ही घाबरलो होतो म्हणून बोललो नाही. याचा राग आलाच तरी तो सहसा निवळतो.

ग्रेडला स्टेज समजणं

रिपोर्टवर 'ग्रेड ३' वाचून मी भावाला फोनवर रडत सांगितलं, "दादा, तिसरी स्टेज आहे." तसं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात, ते ग्रेड सांगते. आजार शरीरात कुठवर पोचलाय, ते स्टेज सांगते, आणि ती बहुतेक वेळा सीटी, एमआरआय किंवा पेटसारख्या तपासण्यांनंतर, कधी ऑपरेशननंतरच पक्की होते. स्टेज ठरण्याआधी घरभर अंदाज बांधत बसलात, तर त्या अंदाजांची भीती खरी स्टेज कळल्यावरही मनातून जात नाही.

उद्याच ऑपरेशन करून टाका, ही घाई

बऱ्याच गाठींच्या बाबतीत नीट तपासण्यांसाठी आठवडा-दोन आठवडे गेले म्हणून नुकसान होत नाही. अपवाद मात्र आहेत. झपाट्याने वाढणारा (अक्यूट) रक्ताचा कॅन्सर, मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब, रक्तस्राव, श्वास अडकणं यांत त्याच दिवशी हालचाल करावी लागते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "आठवडाभर थांबलो तर काही बिघडेल का?"

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका. बायोप्सीच्या स्लाइड्स, पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला नमुन्याचा तुकडा) आणि स्कॅनची सीडीही न्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने मूळ नमुना स्वतः पाहिल्यावर निदान बदलल्याची उदाहरणं आहेत. आम्ही पहिल्या खेपेला फक्त कागद नेले आणि हात हलवत परत आलो.

रात्री टक्केवारी शोधत बसणं

पाच वर्षं जगण्याची जी टक्केवारी दिसते, ती काही वर्षांपूर्वी निदान झालेल्या माणसांची असते. तेव्हा आजची औषधं असतीलच असं नाही. आणि 'मध्यक (मीडियन) आठ महिने' याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. जीवाश्म-अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांना 1982 मध्ये मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कॅन्सर झाला, तेव्हा त्या आजाराचा मध्यक आठ महिनेच होता. ते त्यानंतर 20 वर्षं जगले. सगळ्यांचंच असं होत नाही, पण तो आकडा म्हणजे तुमच्या आईची तारीख नव्हे.

ताप अंगावर काढणं

केमो सुरू असताना ताप 100.4 फॅरनहाइट (38 सेल्सियस) किंवा वर गेला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच हॉस्पिटलला फोन करा. केमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, आणि त्या काळात साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, तापच झाकला जातो. थर्मामीटर आणि इमर्जन्सीचा नंबर पलंगाजवळ ठेवा.

गुपचूप काढे आणि गोळ्या

हितचिंतक औषधं सुचवतात, आणि नाही म्हणवत नाही. पण वनस्पतीही औषधात ढवळाढवळ करतात. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे इमॅटिनिब आणि इरिनोटेकन या कॅन्सरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं. जे काही देताय, ते पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा.

पॅलिएटिव्ह शब्द ऐकून हातपाय गाळणं

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार संपले, असं नाही. वेदना, मळमळ, धाप, झोप, मनाची घालमेल यांकडे बघणारी ही टीम मुख्य उपचारांच्या जोडीनेच काम करते. अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 151 रुग्णांपैकी ज्यांना सुरुवातीपासून अशी मदत मिळाली, त्यांचं रोजचं जगणं सुसह्य झालं, आणि जगण्याचा मध्यक 8.9 ऐवजी 11.6 महिने आला. मी मात्र त्या टीमची पहिली भेट भीतीपोटी पुढे ढकलली. तेवढे दिवस बाबा विनाकारण दुखणं सोसत राहिले.

सगळे प्रश्न आपणच विचारणं

डॉक्टरांकडे जाताना मी वही न्यायची. औषधांची नावं, तारखा, शंका, सगळं माझ्या अक्षरात. तिसऱ्या भेटीच्या आदल्या रात्री बाबांनी ती मागून घेतली. सकाळी उघडून पाहिलं, तर त्यांनी वर लिहिलं होतं, "मला गाडी कधीपासून चालवता येईल?" आमच्या यादीत हा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांनी त्याचंच उत्तर सगळ्यात सविस्तर दिलं, आणि त्या दिवसापासून वही बाबांकडेच राहिली.