स्किमरला फेसच येईना

नेरुळच्या फ्लॅटमध्ये माझी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची, माशांची टाकी आहे. मे महिन्यात प्रोटीन स्किमरचा, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा, घाण साठवायचा कप तीन-चार दिवस कोरडा ठणठणीत. दुकानदार म्हणाला, पंप गेला, नवा घ्या. पंप तर मजेत घरघरत होता!

शेवटी हवेची नळी काढून उजेडात धरली. तोंडाशी मिठाचा पांढरा खडा, जेमतेम सुई जाईल एवढी फट. हवा नाही तर बारीक बुडबुडे नाहीत, आणि पाण्यात विरघळलेली घाण त्या बुडबुड्यांनाच चिकटून वर येते. नळी कोमट आरओच्या पाण्यात अर्धा तास बुडवली. उकाड्याने सम्पमधलं (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीतलं) पाणीही दोन बोटं उतरलं होतं. तेही आरओच्याच पाण्याने भरलं, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं.

दुसऱ्या सकाळी कपात कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. वास असा, की बायकोने कप स्वयंपाकघरातून हाकलला.

घाण कुजून पाण्यात साठणारं नायट्रेट मात्र तेवढ्याने उतरलं नाही. स्किमर घाण कुजायच्या आधी उचलतो. तयार झालेल्या नायट्रेटला हात लावत नाही. त्यासाठी ४० लिटर पाणी बदलावंच लागलं.