बेंगळुरूहून साताऱ्याला: सेकंडहँड व्हीआरएस घरी आणताना

व्हीआरएस, म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हियाचं जास्त ताकदीचं मॉडेल, आणायला बेंगळुरूला जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच बेत असतो: सकाळी पैसे द्यायचे, किल्ली घ्यायची आणि नेलमंगला मागे पडलं की दाबायची. हा बेत आधी मोडा. ऑक्टाव्हियाच्या 2017 च्या मॉडेलला दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, 230 पीएसचं. ही ताकद पुढची कैक वर्षं तुमचीच आहे. साताऱ्यापर्यंतचे सव्वासातशे किलोमीटर मात्र गाडी तपासायचे आहेत, आणि त्यातले पहिले सत्तर, म्हणजे तुमकूरपर्यंतचे, सगळ्यात मोलाचे. तिथवर काही खटकलं तर मागे फिरता येतं आणि विकणारा अजून फोन उचलतो. हावेरीला पोचल्यावर तो उचलेल याची हमी कोण देणार?

कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसी, पीयूसी, नाव बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, साताऱ्याच्या नावाने काढलेली एनओसी (फॉर्म 28), आणि गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. एनओसी आधीच काढून ठेवायला सांगा. जुने चलन थकले असतील तर ते त्याच वेळी बाहेर पडतात. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. नाव बदलेपर्यंत कॅमेऱ्याचं चलन जुन्या मालकाच्याच मोबाइलवर जाणार, मग वाद नको. विम्यात लोक फसतात ते इथे: थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा नावावर करायला 14 दिवसांत अर्ज लागतो. तो त्याच दिवशी टाका. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) त्याचाच, तो धरून हिशेब करू नका. फास्टॅग घरी पोचेपर्यंत बंद करू नको, एवढं त्याला सांगा. पैसे आपण भरायचे. टॅग चालला नाही तर रोखीत दुप्पट टोल द्यावा लागतो.

आता गाडी. 'मी येईपर्यंत सुरू करू नका' हे आदल्या रात्रीच बजावा. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का गरम केली ते विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर चहा पिऊन या, तासाभराने नव्हे, चार-पाच तासांनी. थंड इंजिनमध्ये कूलंटची पातळी खुणेवर आहे का ते बघा. या इंजिनाचा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर गळतं, हे गाडी ओळखणारा कोणीही सांगेल. टॉर्च घेऊन इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) खालच्या बाजूला गुलाबीसर वाळलेला ओघळ शोधा. स्टार्ट करताना इंजिनातल्या टायमिंग चेनची खडखड दोन सेकंदांपेक्षा जास्त राहिली तर थांबा. स्कॅनर लावाल तेव्हा फक्त 'फॉल्ट नाही' वाचून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या चाचण्या, पूर्ण आहेत का ते बघा. अपुरे असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय.

टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. 3219 म्हणजे 2019 चा 32 वा आठवडा. नक्षी छान असली तरी सहा वर्षं जुन्या टायरवर हायवे करू नका. चाक पूर्ण वळवून आतली कडही बघा, अलाइनमेंटचं पाप तिथेच दिसतं. बदलायचे झाले तर बेंगळुरूतच बदला. हवेचं प्रमाण पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं आहे. स्टेपनी आणि जॅक डिकीत खरंच आहेत का, हे डोळ्यांनी बघा.

रिमॅप केलीय का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललंय का, हे सरळ विचारा. केली असेल तर कोणत्या पेट्रोलवर, तेही विचारा. तसं नसलं तरी पहिली टाकी 95 ऑक्टेनची भरा. टाकी 50 लिटरची आहे, हुबळीपर्यंतच्या चारशे-सव्वाचारशे किलोमीटरची काळजी नाही.

नेलमंगलापर्यंतची गर्दी हीच डीएसजीची, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, परीक्षा. ब्रेक सोडल्यावर गाडी गुळगुळीत सरकते का, पहिल्या-दुसऱ्यात थरथरते का? या गिअरबॉक्सचं ऑइल दर 60,000 किलोमीटरला बदलायचं असतं, त्याचं बिल मागा. 'सर्व्हिस वेळेवर झालीय' या वाक्याला बिल म्हणत नाहीत. पुढे मोकळा रस्ता लागला की डिस्प्लेवर ऑइलचं तापमान लावा. पाण्याचा काटा लवकर 90 वर जाऊन बसतो, ऑइल मागून येतं. ते 80 च्या वर जाईपर्यंत पाय हलका. मग मागे कोणी नाही बघून 100 वरून 60 पर्यंत ब्रेक दाबा. स्टिअरिंग हललं तर ब्रेकची डिस्क गेली समजा. गाणी तुमकूरपर्यंत बंद. तिथे थांबून गाडीखाली वाका, चारही चाकांजवळ हात न लावता हात न्या. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) अडकतोय.

सगळं ठीक असेल तर चित्रदुर्ग, दावणगेरे सहज होतं. दावणगेरेत बेण्णे डोसा खा, तो चुकवायचा नसतो. चौपदरी महामार्गावर कारला केंद्राची कमाल मर्यादा ताशी 100 आहे, पण बोर्डावर कमी आकडा असेल तर तोच खरा. हुबळीला पेट्रोल भरताना इंजिन बंद करून दहा मिनिटं सपाटीवर थांबा आणि मग डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी बघा. बरोबर योग्य ग्रेडचं एक लिटर ऑइल असू द्या.

एका दिवसात सातारा होतो, तरी मी बेळगावात मुक्काम करायला सांगेन. कुंद्यासाठी नव्हे (घ्याच मात्र), दुसऱ्या सकाळच्या थंड इंजिनासाठी. पाचशे किलोमीटर तापून रात्रभर थंड झालेल्या गाडीत कूलंट खाली गेलं असेल, तर ते कुठून जातंय हा प्रश्न त्याच सकाळी विकणाऱ्याला फोटोसकट पाठवा. शिवाय निपाणीजवळचा तवंदी घाट आणि कागलपासून पुढची रुंदीकरणाची कामं उजेडात पार करायची. तिथल्या डायव्हर्जनवर गतिरोधक अचानक येतात आणि या गाडीचं नाक खाली आहे. पुढच्या ट्रकच्या मागे चिकटू नका, खड्डा दिसायला अंतर लागतं, आणि बारीक कडेच्या टायरला एक खड्डा पुरतो.

साताऱ्यात पोचलात की 30 दिवसांच्या आत आरटीओत नावाचा अर्ज करा, इथला रोड टॅक्स भरून एमएच 11 चा नंबर घ्या. कर्नाटकात भरलेल्या टॅक्सचा परतावा कोणी मागायचा, हे विकणाऱ्याशी किल्ली घेण्याआधीच ठरवून कागदावर लिहा.