जुन्या कळपात नव्या कोंबड्या सोडण्याआधी: तयारीची यादी

नव्या कोंबड्या आणायचं ठरलं की सगळी चर्चा त्यांच्याभोवती फिरते: जात कुठली, वय किती, अंड्यावर आल्यात का. माझ्या मते तयारीची सुरुवात जुन्या कोंबड्यांच्या जागेपासून व्हायला हवी. टेप घ्यावा आणि आधी खुराडं मोजावं. रात्रीच्या खुराड्यात दर कोंबडीमागे 4 चौरस फूट आणि दिवसभराच्या जाळीच्या अंगणात 8 ते 10 चौरस फूट जागा लागते. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला 8 ते 10 इंच आणि चार कोंबड्यांमागे अंडी घालायची एक पेटी, असा सर्वसाधारण हिशोब आहे. हा हिशोब आजच्या संख्येवर न करता नव्या धरून होणाऱ्या संख्येवर करायचा. आकडा बसत नसेल तर आधी खुराडं वाढवावं, नाहीतर कोंबड्या कमी आणाव्यात.

जागेवर एवढा भर देण्याचं कारण कोंबड्यांच्या स्वभावात आहे. कळपात कोण कोणाला टोचणार आणि कोण कोणापुढे मान खाली घालणार याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एबे यांनी 1920च्या दशकाच्या सुरुवातीला ही उतरंड शास्त्रीय पद्धतीने मांडली. हा क्रम जोडीजोडीने ठरतो. सहा जुन्या कोंबड्यांत तीन नव्या आल्या की अठरा नव्या जोड्या तयार होतात आणि प्रत्येक जोडीचा निकाल लागेपर्यंत टोचाटोची चालते. ती आपल्याला थांबवता येत नाही, थांबवूही नये. मात्र हरलेली कोंबडी मागे हटते, नजरेआड होते आणि तिथेच भांडण मिटतं. तिला हटायला वाटच नसेल तर जिंकलेली टोचत राहते आणि साधी दमदाटी रक्तावर जाते. म्हणून या यादीतली निम्मी कामं हरणाऱ्या कोंबडीला पळायला जागा करून देण्याची आहेत.

मग वेळ निवडावी. कडक उन्हाळ्यात, जुन्या कोंबड्यांची पिसं झडत असताना, एखादी खुडूक होऊन अंड्यांवर बसलेली असताना किंवा नुकताच कुत्र्या-मांजराचा, मुंगसाचा हल्ला होऊन कळप बिथरलेला असताना नव्या कोंबड्या आणू नयेत. जुन्या कळपात कोणी शिंकत असेल, कोणाची विष्ठा पातळ असेल, तर ते आधी निस्तरावं. रोग नव्या कोंबड्या घेऊन येतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण उलटंही घडतं. जुन्यांच्या अंगवळणी पडलेल्या जंतूंनी बाहेरून आलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, चार दिवसांत खाली बसू शकते.

एकटी कोंबडी कधीही आणू नये. सगळ्या कळपाचा राग एकटीवर निघतो. दोन तरी आणाव्यात, तीन असतील तर उत्तम, आणि त्या एकमेकींच्या ओळखीच्या, एकाच ठिकाणी वाढलेल्या असाव्यात. आकाराने जुन्यांच्या जवळपास पोचलेल्या, म्हणजे 16 आठवड्यांच्या पुढच्या तलंगा घेतल्या तर बरं. लहान पिल्लं थेट मोठ्यांत सोडणं म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणं. डोक्यावर पिसांचा गुच्छ असलेल्या जातींच्या डोळ्यांवर पिसं येतात, त्यांना टोच येताना दिसत नाही आणि इतरांना तो गुच्छ उपटायचा मोह होतो. अशा कोंबड्या दांडग्या जातींच्या कळपात घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: पिल्लू असताना पहिल्याच दिवशी मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस दिली होती का, आणि रानीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस कधी दिली. उत्तर लिहून ठेवावं. नंतर पूर्ण खुराड्यावर नजर टाकावी. आपण निवडलेली कोंबडी टवटवीत असली तरी शेजारची शिंकत असेल, डोळ्यांत फेस असेल, चेहरा सुजलेला असेल, तर तिथून एकही कोंबडी घेऊ नये. मायकोप्लाझ्माची, म्हणजे श्वसनाचा रोग करणाऱ्या एका जंतूची, लागण झालेली कोंबडी औषधाने बरी दिसू लागते, पण जंतू अंगात वागवतच राहते.

कोंबड्या घरी येण्याआधी विलगीकरणाची जागा तयार हवी. हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान ते टाळल्यामुळेच होतं. जागा जुन्या खुराड्यापासून निदान 30 फूट दूर असावी, जास्त अंतर मिळालं तर जास्त चांगलं. वारा तिकडून जुन्यांच्या दिशेने येऊ नये. मध्ये नुसती जाळी लावून विलगीकरण झालं असं समजू नये, श्वसनाचे रोग जाळीतून सहज जातात. पाण्याचं भांडं, खाद्याचं भांडं, खराटा, बादली, चपला, सगळं वेगळं आणि त्याच जागी ठेवलेलं असावं. रोजचं काम आधी जुन्यांचं करायचं, नव्यांचं शेवटी, आणि मग हातपाय साबणाने धुवायचे. क्रम उलटला तर बाकीचं सगळं वाया जातं. मुदत चार आठवडे. दोन आठवड्यांत उरकणारे खूप आहेत, मी मात्र चार आठवड्यांवरच अडून बसेन. कोरायझासारखा नाक वाहण्याचा रोग दोन-तीन दिवसांत दिसतो, पण मायकोप्लाझ्मा आठवडेच्या आठवडे दबून राहतो आणि प्रवासाच्या, जागाबदलाच्या ताणाने वर येतो.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येक कोंबडी हातात घेऊन चांगल्या उजेडात तपासावी. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, तोंडाला वास नाही. नाकातून चिकट पाणी आणि चेहऱ्याला कुजका वास हे कोरायझाचं लक्षण. तुरा लालसर असावा, तलंगेचा फिकट चालतो. मग तिला पालथी धरून शेपटीखालची पिसं बोटांनी फाकवावीत. पिसाच्या बुडाशी पांढरट, दाणेदार, पिसाला घट्ट चिकटलेला गोळा दिसला तर ती उवांची अंडी. कातडीवर भुरकट पिवळ्या उवा उजेड पडताच पळताना दिसतात. पिसं काळपट, मळकी वाटली आणि हातावर बारीक ठिपके चालू लागले तर ते माइट्स, म्हणजे अंगावर जगणारे बारीक किडे. पायांवरचे खवले सपाट आणि चकचकीत असावेत. ते उचललेले, खाली पांढरा भुगा साठल्यासारखा असेल तर पायात शिरणारा माइट आहे. छातीचं हाड चाचपावं: दोन्ही बाजूंना मांस लागलं पाहिजे, सुरीच्या धारेसारखं हाड हाताला लागलं तर कोंबडी खंगलेली आहे. उवांवर किंवा माइट्सवर औषध दिलं तर ते ठरलेल्या अंतराने पुन्हा द्यावं लागतं, कारण पहिल्या खेपेला अंडी मरत नाहीत.

जंताचं औषध सरसकट देण्यापेक्षा विष्ठेचा नमुना पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावा आणि औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही त्यांनाच विचारावं. विष्ठेत रक्त दिसलं तर कॉक्सीडिओसिसचा, म्हणजे आतड्यातल्या परजीवींच्या रोगाचा, संशय धरून पशुवैद्यकाला त्याच दिवशी गाठावं. दिवसातून आठ-दहा वेळांतली एखादी विष्ठा तपकिरी, चिकट आणि फार घाण वासाची असते, ती अंधनालातली, म्हणजे आतड्याच्या बंद टोकाच्या फाट्यातली, तिला घाबरू नये. आणखी एक तपासणी रात्रीची: अंधार पडून सगळ्या शांत झाल्या की खुराड्याजवळ उभं राहून ऐकावं. दिवसभराच्या कलकलाटात न कळणारी घरघर तेव्हा स्पष्ट ऐकू येते. आणि कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर घरगुती उपाय न करता लगेच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावं.

या चार आठवड्यांत जुन्या खुराड्याचं काम उरकून घ्यावं. जुनं लिटर, म्हणजे जमिनीवर अंथरलेला भुसा, काढावं, फटी खरवडाव्यात. रात्री विजेरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूला आणि तिच्या टोकाच्या खाचांत पाहावं: लाल माइट दिवसा तिथे लपतो आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितो. दांड्या वाढवायच्या असतील तर आत्ताच वाढवाव्यात. खाद्याची आणि पाण्याची निदान दोन-दोन ठिकाणं करावीत आणि ती अशी मांडावीत की एका भांड्यावर उभी असलेली कोंबडी दुसऱ्यावर पहारा ठेवू शकणार नाही. अंगणात भिंतीला तिरक्या टेकवलेल्या फळ्या, ओंडका, उलटं खोकं, झुडपाच्या फांद्या ठेवाव्यात. प्रत्येक आडोशाला दोन तोंडं हवीत. एकच तोंड असलेलं खोकं म्हणजे पिंजरा होतो, आत शिरलेली कोंबडी तिथेच अडकून मार खाते. कुंपणाचे अरुंद कोपरेही फळी लावून बुजवावेत.

खाद्याचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेयर खाद्यात साधारण साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या तलंगांना एक टक्क्याच्या आसपास पुरतं. अंड्यावर न आलेल्या तलंगेला आठवडेच्या आठवडे लेयर खाद्य दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. भांडी वेगळी ठेवून उपयोग होत नाही, कोंबड्या दुसरीचंच खातात. सोपा मार्ग म्हणजे सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या तलंगांचं, खाद्य द्यावं आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. ज्यांना अंडी घालायची असतात त्या तो स्वतःच खातात. सगळ्या अंड्यावर आल्या की लेयर खाद्यावर यावं.

विलगीकरण निर्धोक पार पडलं की एक ते दोन आठवडे जाळीआडची ओळख. अंगणाचा एक भाग जाळीने वेगळा करून नव्यांना तिथे ठेवायचं, त्यांची रात्रीची सोयही तिथेच. जाळीचं भोक अर्ध्या इंचाचं असावं, चोच घालून तुरा पकडता येऊ नये. खाद्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना अगदी लगत ठेवावीत, म्हणजे समोरासमोर उभं राहून खायची सवय लागते. पहिले काही दिवस जुन्या कोंबड्या मानेची पिसं फुलवून जाळीवर धावतील. मधूनमधून काही तास दोन्ही गटांची अदलाबदल केली तर नव्यांना पाणी, पेट्या आणि आडोसे कुठे आहेत ते मारामारीविना कळतं. तारीख पाहून जाळी काढू नये. जुन्या कोंबड्या नव्यांकडे पाठ करून निवांत माती उकरायला, धुळीत लोळायला लागल्या, की पुढे जावं.

पहिली गाठ मोकळ्या जागेत घालावी, खुराड्यात नको. संध्याकाळी, बसायच्या वेळेआधी तासभर जाळी उघडावी, हिरवा पाला दोन-तीन ठिकाणी पसरावा आणि आपण तिथेच थांबावं. अंधार पडत आला की सगळ्यांचं लक्ष दांडीकडे जातं आणि भांडण आपोआप आवरतं. रात्री नव्यांना उचलून जुन्यांशेजारी दांडीवर बसवायची पद्धत बरेच जण वापरतात. कोंबड्यांना अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे रात्र शांत जाते, पण सकाळी उजाडताच परकी कोंबडी शेजारी दिसते आणि बंद खुराड्यात पळायला वाट नसते. जाळीआडची ओळख झाल्यानंतरच ही पद्धत वापरावी आणि दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी दार उघडायला हजर राहावं.

काय चालू द्यायचं ते आधीच ठरवून ठेवावं. डोक्यावर एखादी टोच, थोडा पाठलाग, छातीला छाती भिडवून उभं राहणं, एखादं पीस उडणं, हे चालू द्यावं. आपण मध्ये पडलो तर निकाल लांबतो. रक्त दिसलं, दोघी-तिघी मिळून एकीवर तुटून पडल्या, पडलेल्या कोंबडीच्या पाठीवर चढून डोक्यावर टोचत राहिल्या, किंवा एखादी दिवसभर खाण्यापाशी फिरकलीच नाही, तर लगेच वेगळं करावं. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचतात. म्हणून जखमी कोंबडी बाजूला घ्यावी, जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी, पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावं आणि खपली सुकेपर्यंत तिला जाळीआड, पण कळपाच्या नजरेसमोर ठेवावं. जखम कोणाला नसताना एकच कोंबडी सतत दांडगाई करत असेल तर मात्र त्या दांडगीलाच तीन-चार दिवस बाहेर काढावं, तेही नजरेआड. ती परत येते तेव्हा तिची जागा हललेली असते आणि जोर उतरलेला असतो.

पुढचे काही आठवडे संध्याकाळी दांडीवर बसलेल्या नव्या कोंबड्यांची छातीवरची अन्नपिशवी चाचपावी. ती भरलेली लागली तर खायला मिळतंय, रिकामी लागली तर खाद्याचं तिसरं ठिकाण करावं. दांडीवरून हुसकलेल्या नव्या कोंबड्या अंड्यांच्या पेटीत झोपतात आणि पेटी घाण करतात. अंधार पडल्यावर त्यांना उचलून दांडीवर ठेवत राहिलं की सवय मोडते. जुन्यांची अंडी काही दिवस कमी होतील, त्यावर औषध शोधू नये.

कळप स्थिरावला तरी मधली जाळी मोडीत काढू नये. आजारपणामुळे एखादी जुनी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी लागली, तर परतताना कळप तिलाही परकीच समजतो आणि तिच्यासाठी जाळीआडच्या ओळखीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.